चिमूटभर जुना रंग

मंगळवारी सकाळी सव्वानऊला एअरब्रश थुंकला, आणि तोही दोलोरोसेच्या मूर्तीच्या डाव्या गालावर.

पेरिंगने चाप सोडला. कॉम्प्रेसर बंद केला. गालावर तीन मोठे ठिपके होते आणि त्यांच्याभोवती मोहरीएवढे दहाबारा. उजवा गाल तासाभरापूर्वीच पुरा झाला होता. रडून रडून डोळ्यांत पाणी उरलं नाही अशा बाईचा तो गाल होता. डाव्या गालावर मात्र जाणाऱ्या गाडीने चिखल उडवावा तसं झालं होतं.

पेरिंगने एअरब्रशकडे पाहिलं नाही. तिने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

हात थरथरत होता. तसा तो चार वर्षं थरथरत होताच.

पवित्र सप्ताहातल्या बुधवारी दुपारी पाएते गावातले सगळे संत फुलांच्या रथांवर चढून रस्त्यावर येतात. शोकाकुल माय दोलोरोसा, ख्रिस्ताची आई, सगळ्यांच्या शेवटी. ती चर्चच्या चौकात पोचते तेव्हाच लोक घरी जायला निघतात. गुरुवारपासून गावात यंत्राचा आवाज करायचा नसतो. शुक्रवारी तर हातोडीचाही नाही. आणि आज चार वाजता बायका मायला वस्त्रं नेसवायला बसणार होत्या. मूर्तीचं धड मालकीणबाई दोन्या उर्बानाच्या घरी लाकडी सांगाड्यावर उभं होतं. पेरिंगच्या टेबलावर फक्त मस्तक होतं. खुंटीवर बसवलेलं, केसांवाचून, मानेपर्यंत.

मस्तकाशेजारी औषधाची एक छोटी बाटली होती. तिच्यात फेब्रुवारीत खरवडलेला जुना रंग होता. त्या घरात जुना रंग कधीच फेकला गेला नाही.

पेरिंग अठ्ठावन्न वर्षांची. पाएतेत घरोघर छिन्नी चालते. पेरिंगच्या घरात ती कधी चालली नाही. दुसऱ्यांनी कोरलेल्या संतांना कातडी द्यायची, हे तिच्या घराचं काम. तिचे वडील आम्ब्रोसियो तेलरंगाचे हात द्यायचे आणि मग मेंढीच्या मूत्राशयाचा ओला तुकडा बोटावर चढवून तो रंग घासायचे. घासता घासता लाकूड घामेजल्यासारखं दिसू लागे. तुकडा थुंकीने ओला करायचा असे. सात वर्षांची पेरिंग खडीसाखर चघळत शेजारी बसायची आणि बापाने हात पुढे केला की त्यावर थुंकायची. गोड थुंकीने चकाकी चांगली येते, असं वडील सांगायचे. ते खरं होतं का खडीसाखर द्यायचं निमित्त होतं, हे तिने कधी विचारलं नाही.

वडिलांचा आणखी एक नियम होता. जुन्या चेहऱ्याचा रंग खरवडला की त्यातला चिमूटभर खलात कुटायचा आणि नव्या रंगाच्या पहिल्या हातात मिसळायचा. "नाहीतर संताला आरशात अनोळखी माणूस दिसतं," ते म्हणायचे. संतांना आरसा कोण दाखवतो, हेही तिने विचारलं नव्हतं. पण चिमूट कधी चुकवली नव्हती.

एअरब्रश नवऱ्याने पाठवला होता. नेस्तोर जहाजावर बर्फ कोरतो. हंस, मासे, कधी कुणाच्या लग्नातलं जोडपं. "माझं काम संध्याकाळपर्यंत वितळतं," तो फोनवर म्हणतो, "तुझं काम नातवंडांच्या नातवंडांना रडवतं. आणि घर आठवतं म्हणून रडायचं मी?" कुठल्याशा बंदरावर त्याने तो घेतला. तीन वर्षं तो पेटीतच पडून होता. मग पेरिंगचा हात थरथरू लागला आणि एके सकाळी तिने पेटी उघडली.

ब्रश टेकवला की हात लपत नाही. एअरब्रश टेकवावा लागत नाही. बोटभर अंतरावरून रंग धुक्यासारखा उतरतो, आणि धुक्यात थरथर दिसत नाही. गाव म्हणालं, पेरिंग आता यंत्राने रंगवते. पेरिंग म्हणाली, तुमच्या छिन्न्या काय झाडाला लागतात?

पहिला हात मात्र ती अजून ब्रशनेच द्यायची. या वर्षापर्यंत.

"कुमारे!" बाहेरून आवाज आला. "तुझ्या यंत्राला खोकला झाला का गं?"

शेजारच्या पायरीवर तासियो एका ख्रिस्ताचा डावा पाय कोरत बसला होता. त्याच्या धाकटीची पेरिंग धर्ममाता. म्हणून तो तिला कुमारे म्हणे, ती त्याला कुमपारे. त्या नात्याच्या आडोशाला दोघं एकमेकांना हवं ते बोलून घेत.

"खोकला नाही. थुंकतोय."

"सुपारी खातोय की काय?" तासियो दारात आला. गाल पाहून त्याने शिट्टी वाजवायला ओठ काढले, पण सप्ताह आठवून परत मिटले. "आई गं. हे कसं झालं?"

"तेच बघायचंय."

"हात जरा जास्त..." तो थांबला.

"बोल की."

"काही नाही. ऊन फार आहे म्हणतो."

पेरिंगने आधी सोप्या गोष्टी पाहिल्या. नळीच्या मध्यावर पाणी साठवणारी काचेची कुपी होती. ती उघडून तिने दोन थेंब झटकले. फ्रिजच्या जुन्या कॉम्प्रेसरचा दाब पाहिला. काटा जागेवर होता. उन्हाने सुईच्या टोकावर रंग सुकतो कधीकधी. ते टोक तिने थिनरच्या बोळ्याने पुसलं, रंग थोडा पातळ केला आणि पुठ्ठ्यावर फवारून पाहिलं.

हातभर रेघ धुक्यासारखी आली. मग फट्. पुठ्ठ्यावर कोळी बसल्यासारखा डाग.

पुन्हा. पुन्हा फट्.

चर्चजवळच्या मांडवात ख्रिस्ताच्या यातनांचं गायन चाललं होतं. सोमवारपासून अखंड. लाउडस्पीकरमधून आता कुणा थकलेल्या म्हाताऱ्याचा सूर येत होता. एक ओळ वर जायची होती, ती वाटेतच बसली.

"पुठ्ठ्यावरही तुझाच हात होता," तासियो हळूच म्हणाला.

"कुणाचा असणार?"

"तेच म्हणतो."

त्याच वेळी रस्त्यावर छत्री दिसली, आणि छत्रीखाली दोन्या उर्बाना. बहात्तर वर्षांची बाई. दोलोरोसा तिच्या घराण्याकडे पाच पिढ्या होती, आणि दर वर्षी ती रथामागून अनवाणी चालायची. डांबर तापलेलं असायचं. कुणी चपला पुढे केल्या तर ती त्या माणसाशी वर्षभर बोलायची नाही.

ती आत आली. छत्री मिटली. मस्तकासमोर उभी राहिली.

"पेरिंग, मायला कांजिण्या आल्या?"

"ब्रश बिघडलाय, दोन्या."

"ब्रश."

"हो."

दोन्या उर्बानाने गालाकडे पाहिलं. मग पेरिंगच्या हाताकडे. मग पुन्हा गालाकडे. तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"हे बघ, तुझ्यावर माझा राग नाही. तुझ्या वडिलांनी हिला रंगवलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. माझी आई खोलीतून बाहेर येऊन रडली होती. पण हात म्हातारे होतात गं. माझे गुडघे झाले नाहीत का?"

"गुडघ्यांवर तुम्ही अजून चालताय."

"जीभ म्हातारी होत नाही, ते मात्र खरं," दोन्या म्हणाली. "सांता क्रूझच्या देल्फिनला मी फोन केलाय. तो म्हणतो, अडीचपर्यंत मस्तक आणलंत तर चारला चेहरा परत देतो. सगळा एकसारखा गुलाबी करून देईल. मला आवडणार नाही, पण ठिपके तरी नसतील. दोनला माझा ड्रायव्हर येईल."

"तुम्ही येणार का बरोबर?"

"येईन. का?"

"दोनला बोलू मग."

दोन्या उर्बानाने छत्री उघडली.   ती गेली.

तासियो भिंतीकडे बघत उभा होता. हातातल्या छिन्नीने उगाच नख कोरत.

"दे," तो म्हणाला. "देल्फिन तर देल्फिन. त्याचे संत साबणाच्या वेष्टनावरच्या बायांसारखे दिसतात, पण एक वर्ष निघून जाईल."

"आणि पुढच्या वर्षी?"

 दोघांनाही ठाऊक होतं. पाएतेत एकदा एका घराचा संत दुसऱ्या रंगाऱ्याकडे गेला की मागोमाग बाकीचे जातात. आज हे मस्तक दारातून बाहेर पडलं की पेरिंगचा हात गेला, असं गाव म्हणणार. आणि तो खरंच गेला असेल तर गावाचं काय चुकलं? तिला तेवढंच कळून घ्यायचं होतं. हात का ब्रश?

तिने एअरब्रश खाली ठेवला.

"तुझा शिकंजा रिकामा कर."

"त्यात ख्रिस्ताचा पाय आहे."

"काढ."

"मंगळवारीच उतरवू त्याला? शुक्रवारचा मान आहे तो."

"कुमपारे."

"काढतो, काढतो."

तासियोने शिकंज्याच्या जबड्यात चिंध्या घातल्या. पेरिंगने एअरब्रश त्यात आडवा बसवला. जबडे हलकेच आवळले. समोर वीतभर अंतरावर पुठ्ठा उभा केला. मग चाप नुसता खाली दाबून तिने त्यावर रबर गुंडाळलं. चाप मागे ओढला नाही. मागे ओढल्याशिवाय रंग यायचा नसतो. नुसती हवा यायची असते.

"आता सगळे हात वर," ती म्हणाली आणि मागे सरली.

तासियोने खरंच दोन्ही हात वर केले. त्याच्या डाव्या हाताला साडेतीन बोटं होती.

कॉम्प्रेसर गुरगुरला. हवा सुटली. आणि कुणीही चाप न ओढता टोकाशी गुलाबी थेंब जमू लागला. जमला, थरथरला आणि फट्. पुठ्ठ्यावर कोळी.

पेरिंगने दुसऱ्यांदा केलं. फट्. तिसऱ्यांदा. फट्.

शिकंजा लाकडी होता. शंभर वर्षांचा. तो थरथरत नव्हता.

पेरिंग स्टुलावर बसली. 

"अभिनंदन," तासियो अजून हात वर ठेवूनच म्हणाला. "हात निर्दोष सुटला. आता त्या गाणाऱ्याचा गळाही शिकंज्यात घालून बघायचा का?"

"हात खाली घे आणि तुझ्याकडचं मेण आण. मधमाशीचं. तुझ्या मेणबत्त्या नकोत."

"मेण कशाला?"

"आण तर."

ती आत जाऊन पांढरी चिनी मातीची बशी घेऊन आली. एकदा एअरब्रशचं नोझल, रंग सुटतो ते तोंड, फरशीवरच्या भुशात पडलं होतं. तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू. दोन दिवस तिने भुसा चाळला होता. तेव्हापासून बशी.

एअरब्रशच्या कपातला रंग तिने मोरीत ओतला नाही. त्यात चिमूट होती, आशीर्वाद दिलेल्या मूर्तीची. तिने तो एका बाटलीत ओतला आणि बूच लावलं. मग शेपटाकडचा स्क्रू सैल करून सुई मागे ओढली. हळू. ओढताना सुई जरा अडखळली. टोकाशी काहीतरी घासलं. तिने सुई काचेवर ठेवून एका बोटाने लोटली. वाकलेली सुई लोटली की टोक उड्या मारतं. ही सरळ लोळत गेली.

"सुई ठीक," ती स्वतःशीच म्हणाली.

पुढची टोपी काढली. मग छोट्या पान्याने नोझल. पाव फेरा घेताना हात इतका थरथरला की पाना दोनदा सुटला. तिसऱ्यांदा तिने मनगट टेबलाच्या कडेवर दाबून धरलं, दात आवळले आणि फिरवलं. नोझल बशीत टण् करून पडलं. ते तिने थिनरने भरलेल्या काचेच्या वाटीत टाकलं.

मेणाचा गोळा घेऊन तासियो परत आला. बरोबर एका कागदात खारवलेला मासा आणि भात.

"खा आधी."

"नंतर."

"सकाळपासून नुसती कॉफी प्यायलीस."

"नंतर म्हटलं ना."

त्याने वाटीत डोकावलं. "एवढंसंच ते? दे, माझी सगळ्यात बारीक पोलादी टोचणी आहे, टोचून काढतो घाण. एका टोच्यात."

"हात लावलास तर उरलेली साडेतीनही राहणार नाहीत."

"मदत करतो म्हटलं."

"पोलाद घातलं की भोक मोठं होतं. तोंड फाटतं. मग ते कायमचं थुंकतं, तुझ्या मामासारखं."

तासियोने हात मागे घेतला.

पेरिंगने कोपऱ्यातल्या आबाका केळीच्या वाखाच्या दोरखंडातून एक धागा उसवला. केसापेक्षा जाड, सुईपेक्षा मऊ, ओढला तरी न तुटणारा. तो थिनरमध्ये बुडवला. चष्म्यावर दुसरा चष्मा चढवला. नोझल डाव्या हाताच्या चिमटीत धरून तिने धागा पुढच्या, बारीक तोंडातून आत सरकवायला घेतला. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा चुकला. सातव्यांदा गेला. अर्ध्या वाटेत अडला. तिने ढकललं नाही. पुन्हा थिनरमध्ये बुडवून ठेवलं आणि शंभर आकडे मोजले. लाउडस्पीकरवर आता एक तरुण बाई गात होती. तिला वरची ओळ सापडली.

पुन्हा धागा. अडला, अडला, आणि सरकन पलीकडे गेला. मागच्या रुंद तोंडातून काहीतरी बशीत पडलं.

खसखशीच्या दाण्याएवढं. फुगलेलं, चिकट.

पेरिंगने ते टाचणीने उजेडात ओढलं. देल्फिनचा गुलाबी नाही, तिचा स्वतःचाही नाही. पावसात भिजलेल्या कौलाचा रंग. वडील हा रंग डोंगरातली लाल माती गाळून करायचे. दुसऱ्या कुणाकडे तो नव्हता. दोलोरोसेच्या जुन्या गालावर तो होता.

तिने तो दाणा टाचणीने उलटा करून पुन्हा पाहिला.

"काय गं?" तासियोने विचारलं.

"चिमूट."

"कसली?"

"आमच्या घरची." तिने औषधाच्या बाटलीकडे बोट केलं. "दर वर्षी पहिला हात ब्रशने द्यायचे, तेव्हा त्यात घालायचे. ब्रशला काय, वाळू घातली तरी चालते. या वर्षी पापण्यांवर ब्रश धरवेना. म्हणून पहिला हातही यानेच दिला. आणि चिमूट यातच घातली."

"गाळली नाहीस?"

"दोनदा गाळली. जुन्या पायमोज्यातून. पीठ झालं होतं. पण थिनरमध्ये जुना रंग फुगतो. फुगला की एकमेकांना धरतो." तिने टाचणी खाली ठेवली. "सुई पुढे जाऊन नीट बसतच नव्हती. म्हणून न ओढता थेंब येत होता."

तासियोने डोकं खाजवलं. "म्हणजे चूक हाताची नाही. ब्रशची नाही."

"माझी."

"आत्ताच तर सुटली होतीस!"

पेरिंग हसली. सकाळपासून पहिल्यांदा. पण हसू ओठांवर फार टिकलं नाही. वडिलांचा नियम आणि नवऱ्याचं यंत्र, दोन्ही एका कपात मावत नव्हती. आजवर या घरातून एकही चेहरा चिमटीवाचून गेला नव्हता. घड्याळात साडेअकरा वाजले होते.

"आधी गाल," ती म्हणाली.

मग ती थांबली नाही. कप, नळी, टोपी, सुईचं घर, जिथे जिथे रंग जातो तिथे तिथे तिने कापसाचे बोळे फिरवले, पांढरे निघेपर्यंत. पाचवा बोळा पांढरा वाटला. तिने सहावा फिरवला. त्यावर फिकट गुलाबी आलं. आठवा खरोखर पांढरा निघाला. मेण बोटांत मऊ करून त्याचा पातळ पापुद्रा तिने नोझलच्या आट्यांवर चोळला. आट्यांतून हवा आत शिरली की कपात बुडबुडे येतात आणि फवारा अडखळतो. नोझल बसवलं. पान्याने आवळताना जोर केला नाही. सुई पुढे सरकवली, अडेपर्यंत, आणि या वेळी ती अडखळली नाही.

कपात नुसतं थिनर. चाप दाबला. हवा. थेंब नाही. चाप ओढला. दारातून येणाऱ्या उन्हात बारीक धुकं उभं राहिलं आणि विरलं.

"आता शिकंज्यात घालू?" तासियोने विचारलं.

"नको. आता माझ्या हातात."

तिने नवा रंग गाळला. त्यात दुसरं काही घातलं नाही. पुठ्ठ्यावर रेघ ओढली. हात थरथरत होता. रेघ थरथरली नाही.

ठिपके सुकले होते. सगळ्यात बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून तिने ते घासले. कागदाच्या टोकाने, अंगठ्याच्या पोटाखाली, लहान मुलाच्या तोंडावरचं खरकटं पुसावं तसे. ठिपके गेले. त्यांच्याबरोबर गालही गेला. खालचं पांढरं अस्तर दिसू लागलं. तासियोने मान फिरवली.

एक वाजला होता.

पहिला थर. सुकू दे. दुसरा. डोळ्याच्या कोपऱ्यापासून खाली, जिथे अश्रू वाहून कातडी पातळ झाली असेल तिथे निळसर सावली, श्वासाएवढी. नाकपुडीच्या कडेला लाली. सातव्या थरानंतर तिने मस्तक फिरवून उजवा गाल समोर घेतला, नीट पाहिला, मग पुन्हा डावा. आठवा थर. एकदा एअरब्रश किंचित खाकरला. पेरिंगने चाप सोडला. नळी टेबलाच्या पायात अडकली होती. तिने ती सोडवली. नववा थर. भात कागदात सुकून गेला.

दोनला पाच कमी असताना तिने चाप सोडला.

दोन्या उर्बाना वेळेवर आली. मागे ड्रायव्हर, हातात मऊ चादर घातलेली टोपली. दोन्या मस्तकासमोर उभी राहिली. डावीकडून पाहिलं. उजवीकडून पाहिलं. छत्री मिटायची विसरली होती. ती छतावरच्या पंख्याला लागता लागता तासियोने धरली.

"बिघडला होता तो गाल कुठला?" शेवटी तिने विचारलं.

"तुम्हीच सांगा."

 दोन्याने ड्रायव्हरकडे न बघताच हात हलवला. "गाडीत जाऊन बस रे. टोपली इथेच ठेव. देल्फिनला फोन कर, म्हणावं मायला बरं वाटतंय."

"अजून पाच मिनिटं, दोन्या," पेरिंग म्हणाली. "एक राहिलंय."

"आता काय राहिलं? हात लावू नकोस आता. छान झालंय."

पेरिंगने औषधाची बाटली उघडली. नखावर मावेल एवढा जुना रंग खलात टाकला. तेलाचा थेंब टाकला, थिनर नाही. घोटला. मग भिंतीवरच्या बरणीतून तिने वडिलांचा सगळ्यात बारीक ब्रश काढला. चार वर्षांत तिने तो कुणासमोर हातात धरला नव्हता.

ब्रशचं टोक हवेत इकडेतिकडे फिरत होतं. खोलीतल्या तिघांनाही ते दिसत होतं.

"हे चेहऱ्यावर नाही," पेरिंग म्हणाली. "मानेवर. केसांच्या टोपाखाली जातं ते. कुणाला दिसणार नाही."

"मग लावतेस कशाला?"

"मायला कळायला हवं ना, घर कुणाचं ते."

 दोन्या उर्बाना टेबलापाशी आली, स्टूल ओढून बसली आणि दोन्ही हातांनी मस्तक धरलं. कपाळाला एक हात, हनुवटीखाली एक. जसं आजारी माणसाला औषध पाजताना धरतात.

"मस्तक धरू, की तुझं मनगट धरू?"

"मस्तक. मनगट माझं मी बघते."

पेरिंगने मनगट टेबलाच्या कडेला दाबलं. पहिल्यांदा ब्रश बाजूला गेला. तिने पुसलं. दुसऱ्यांदा टेकला. तिसऱ्यांदा टेकला आणि फिरला. मानेच्या खळग्यात, नखाएवढा, कडा वेड्यावाकड्या. भिजलेल्या कौलाच्या रंगाचा.

"वाकडा आलाय," दोन्या म्हणाली.

"आलाय."

"माझ्या आईला दाखवला असता तर तिने आणखी रडून घेतलं असतं." तिने हात काढले नाहीत. "आणि पुढच्या वर्षी?"

पेरिंगने ब्रश तेलात बुडवला. मग एअरब्रश जवळ ओढला, शेपटाचा स्क्रू सैल केला आणि सुई मागे घेतली. कपात थिनर ओतलं. काम झाल्या झाल्या धुतला नाही तर उद्या सगळं पुन्हा.

"पुढच्या वर्षी चिमूट शेवटी," ती म्हणाली. "ब्रशने. तुम्ही धरायला या."

आणि तिने पहिला बोळा फिरवायला घेतला.